भाडं निम्मं, पण हिवाळा लांबलचक. बिऱ्हाड हलवावं का?

बोचकं

आम्ही तिघं: मी, नवरा आणि सासूबाई. उभा जन्म दमट उकाड्यात गेला, घरात स्वेटर एकच, तोही प्रवासापुरता. आता देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, थंड भागात राहायला जायचं घाटतंय. दोघांचंही काम घरून चालतं आणि तिकडे आत्ताच्या निम्म्या भाड्यात दीडपट मोठं घर मिळतंय. उन्हाळ्यात आठ दिवस राहून आलो तेव्हा परत यावंसंच वाटेना.

पण हिवाळ्यात तिथे पारा उणे पंधरापर्यंत उतरतो म्हणे. सासूबाईंचे गुडघे आत्ताच पावसाळ्यात कुरकुरतात. नवऱ्याचं म्हणणं, चार जाड कपडे घेतले की झालं. मला काही ते पटत नाही. जे गेलेत त्यांनी सांगा, कुठे फसलात?

गोठलेला नळ

ताई, आम्हीही सहा वर्षांपूर्वी असंच उन्हाळ्यात बघून भुललो होतो. उंच छत, प्रशस्त खोल्या, एकेरी काचेच्या मोठाल्या खिडक्या. पहिल्या हिवाळ्यात कळलं की मोठं घर म्हणजे तापवायला तेवढी जास्त हवा. भाड्यात वाचलेल्या पैशातला मोठा वाटा हीटिंगच्या बिलात गेला. शेवटी दोन खोल्या बंद करून तिघं एकाच खोलीत झोपायला लागलो, म्हणजे दीडपट घर घेऊन राहिलो निम्म्याच घरात!

म्हणून भाड्याची घासाघीस करण्याआधी घरमालकाकडे गेल्या हिवाळ्याची बिलं मागा. त्याने टाळाटाळ केली तर समजून जा. खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत का ते बघा, चौकटीच्या फटीजवळ मेणबत्ती धरा. ज्योत फडफडली तर तिथून गारवा आत येणार.

दुसरी फसगत माझ्या नावातच आहे. चार दिवस बाहेरगावी जायचं होतं, म्हणून काटकसर करत हीटिंग पूर्ण बंद केलं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, हे शाळेत पाठ केलं होतं, पण भिंतीतल्या पाइपाशी त्याचा संबंध जोडायचं सुचलं नाही. परत येऊन घर तापवलं, बर्फ वितळला आणि मग फुटलेल्या पाइपातून स्वयंपाकघरभर पाणी. आता बाहेर जाताना हीटिंग मंद चालू ठेवतो. लांबचा मुक्काम असला तर मुख्य कॉक बंद करून पाइप रिकामे करतो.

आणि कोरडेपणा! दमट हवेतल्या माणसाला हा फार छळतो. शून्य अंशाच्या एक घनमीटर हवेत फार तर ५ ग्रॅम बाष्प मावतं, २० अंशाच्या हवेत १७. बाहेरची हवा आत घेऊन नुसती तापवली तर बाष्प राहतं तेवढंच, म्हणजे आर्द्रता तिसाच्याही खाली. पहिल्याच महिन्यात माझ्या नाकातून रक्त आलं, मी घाबरून डॉक्टर गाठला. त्यांनी नाकात लावायला मलम दिलं आणि खोलीत आर्द्रतामापक लावायला सांगितलं.

खडखडाट

गाडी नेणार असाल तर थोडं माझंही ऐका. थंडीत बॅटरीचा जोर उतरतो आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट झाल्याने स्टार्टरला जास्त जोर लागतो. जुनी बॅटरी असेल तर निघण्याआधीच बदला. रेडिएटरमध्ये साधं पाणी भरायची सवय असेल तर ती इथेच सोडा, नाहीतर इंजिनाला तडा जाईल. डिझेल गाडीत थंडीने इंधनातलं मेण साकळतं आणि फिल्टर चोंदतो. तिथल्या पंपांवर हिवाळी डिझेल मिळतं, पण इकडून टाकी भरून नेलेलं ते नसतं.

दुसरी पाळी

गुडघ्यांपेक्षा सासूबाईंच्या दिवसाची काळजी करा. माझी आई थंडीला पुरून उरली, पण दिवस लवकर मावळायचा, बर्फावर घसरायच्या भीतीने पाऊल बाहेर नाही आणि ओळखीचं कुणी नाही. मार्गशीर्ष सरेपर्यंत ती बोलायचीच कमी झाली. दवाखाना किती लांब आणि बर्फ पडल्यावर तो रस्ता किती वेळात मोकळा होतो, हे शेजाऱ्यांना विचारा, एजंटला नको.

आणखी एक, हे मात्र कळकळीने. वीज गेली म्हणून कोळशाची शेगडी घरात पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, झोपेतच माणूस जातो. त्याचा अलार्म मिळतो, तो झोपायच्या खोलीजवळ लावा.

बोचकं

सगळं नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. मेणबत्तीपर्यंत हसत होता, पाइपापाशी गप्प झाला. आता ठरलंय की भर हिवाळ्यात तीन आठवडे तिथे घर घेऊन राहायचं, सासूबाईंसकट. त्या आत्तापासूनच बॅग भरतायत. तेवढ्यासाठी कपडे इथूनच घेऊ का?

गोठलेला नळ

अजिबात नको. इकडे ‘जाड’ म्हणून विकतात ते जॅकेट तिकडे थंडी सुरू व्हायच्या आधी घालतात. इथून फक्त लोकरी किंवा सिंथेटिक आतले कपडे न्या. सुती बनियन घामाने भिजलं की वाळत नाही आणि अंगाला गार लागत राहतं. बूट तिथे पोचल्यावर घ्या, जाड मोजे घालून, बोटं आत हलतील एवढे मोठे. सासूबाईंचे आधी.