जुना सान्सुई ऑनलाइन घेतोय: टोकन द्यावं का, तिथे जाऊन काय तपासावं?

घोडबंदरी
मंडळी, खारघरच्या एका विक्रेत्याची जाहिरात आहे. सान्सुईचा जुना जपानी इंटिग्रेटेड अ‍ॅम्प आणि बुकशेल्फ स्पीकरची जोडी, मिळून ३२,००० रुपये. वर्णनात फक्त 'मिंट कंडिशन, नुकताच सर्व्हिस केलेला'. मागच्या पाटीवर १०० व्होल्ट लिहिलंय, स्टेप-डाउन (व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) सोबत देणार म्हणतात. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, ५,००० टोकन पाठवा, असा आग्रह आहे. बोलायला माणूस सज्जन वाटतो. मी ठाण्याहून जाऊन बघणार आहे. तासाभरात काय काय तपासून होईल?

निगेटिव्ह_फीडबॅक
सज्जन वाटणं बाजूला ठेवा. जाण्याआधी लेखी विचारा: सर्व्हिसमध्ये नेमकं काय बदललं? 'फिल्टर कपॅसिटर आणि रिले बदलला, बायस लावून घेतला' असं उत्तर आलं तर ठीक (फिल्टर कपॅसिटर सप्लाय स्थिर ठेवतात, रिले म्हणजे स्पीकर थोडं थांबून जोडणारा स्विच, बायस म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरमधून आवाज नसतानाही वाहणारा करंट). 'सगळं टकाटक आहे' हे उत्तर नव्हे. आउटपुट ट्रान्झिस्टर बदललेत का, हे वेगळं विचारा. मूळ नंबर मिळत नाही म्हणून बरेचदा तोशिबाची ५२००/१९४३ ही ट्रान्झिस्टरची जोडी टाकतात, आणि या नंबरांचा नकली माल बाजारात भरपूर आहे. कमी आवाजावर तो चालतो, लोड आला की उडतो.

आणखी एक अट घाला: त्या दिवशी मी पोचेपर्यंत अ‍ॅम्प चालू करायचा नाही. गेल्यावर आधी वरच्या जाळीला हात लावा. गरम लागली तर काही दोष आधीच झाकला गेलेला असू शकतो, कारण काही बिघाड फक्त थंड असतानाच दिसतात. थंड अ‍ॅम्प चालू केल्यावर काही सेकंदांनी रिलेचा 'टक' आवाज यायला हवा. स्पीकर अजून जोडू नका. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर घ्या आणि प्रत्येक चॅनेलच्या लाल-काळ्या टर्मिनलवर मोजा. वीस मिनिटांनी पुन्हा मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त. १०० च्या वर गेलं तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा. आकडा व्होल्टमध्ये गेला तर तिथेच थांबा, कारण तो डीसी थेट वूफरची (खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरची) कॉइल जाळतो.

मग स्पीकर जोडून अगदी हळू आवाजात ऐका. एक चॅनेल गायब होऊन व्हॉल्यूम वाढवला की परत येत असेल तर बहुधा रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडलेत. हे स्वस्तातलं काम आहे. नॉबची खरखर बहुतेक वेळा क्लीनरने जाते. अशा गोष्टी विक्रेत्याला माहीतही नसतात, प्रत्येक वेळी लबाडीच असते असं नाही.

सिरीज_लॅम्प
मला खरी काळजी त्या १०० व्होल्टची वाटते. दुकानात सर्रास मिळतो तो ११० चा स्टेप-डाउन. म्हणजे आत २३० व्होल्ट गेले की बाहेर ११०. सोसायटीत रात्री २४५ व्होल्ट आले की बाहेर ११७ मिळतात, पाटीपेक्षा १७ टक्के जास्त. आतले सप्लायचे व्होल्टेज त्याच प्रमाणात चढतात, आणि जुने फिल्टर कपॅसिटर आधीच मर्यादेच्या काठावर असतात. त्यामुळे स्टेप-डाउनचं आउटपुट एसी रेंजवर स्वतः मोजा. त्याचं व्हीए रेटिंग (किती भार पेलतो तो आकडा) अ‍ॅम्पच्या पाटीवरच्या वॉटच्या निदान दुप्पट हवं.

जपानी दोन चपट्या पिनांचा प्लग आपल्या युनिव्हर्सल एक्स्टेन्शन बोर्डात आरामात बसतो. घरातल्या कुणी थेट २३० ला लावला की फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर ट्रान्सफॉर्मर गेला. 'आधी कधी थेट लावला होता का' हेही विचाराच.

अ‍ॅम्प बरेच महिने बंद असेल तर पहिल्यांदा १०० वॉटच्या साध्या बल्बच्या सिरीजमध्ये चालू करा. बल्ब स्टेप-डाउनच्या आधी, २३० च्या बाजूला हवा. तो क्षणभर उजळून मंद झाला तर बरं. उजळलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे.

खाडीकाठ
स्पीकरचं थोडक्यात. वूफरची कड फोमची असेल तर आपल्या दमट हवेत तिचा भुगा होतो, बोटाने हलकेच दाबून बघा. फोम बदललेला असला तरी चालतो, पण ते सांगितलेलं हवं. कोन दोन्ही बाजूंनी सारखा दाबा. आत घासल्याचा आवाज आला तर कॉइल घासतेय. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ दाखवतो. ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) जळलेला मात्र मीटरला कळत नाही, त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो. तिथे कान लावायलाच हवा. एक बाजू दबकी वाटली तर अ‍ॅम्पच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. दोष त्याच स्पीकरवर राहिला तर स्पीकर खराब, बाजू बदलली तर अ‍ॅम्प किंवा त्याला जोडलेलं आधीचं काहीतरी.

पावतीवाला
टोकन अजिबात नको, असं मी म्हणणार नाही. विक्रेत्यालाही 'येतो' म्हणून न येणारे लोक भेटतातच. पण ५,००० नाही, फार तर ५००. तेही व्हिडिओ आल्यावर: सीरियल नंबर, शेजारी तुमचं नाव आणि आजची तारीख लिहिलेला कागद, आणि चालू अ‍ॅम्प, सगळं एकाच सलग शॉटमध्ये. यूपीआयवर दिसणारं नाव माणसाच्या नावाशी जुळायला हवं. परताव्यासाठी क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे अडकलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

घोडबंदरी
आभार. आत्ताच विचारलं. कपॅसिटर बदललेत म्हणतात, पण बिल नाही.

निगेटिव्ह_फीडबॅक
मग झाकण उघडून दाखवायला सांगा. आधी प्लग काढा, आणि आत हात घालू नका, मोठे कपॅसिटर बंद केल्यावरही चार्ज धरून असतात. टॉर्च मारून बघा. बदललेले कपॅसिटर आजूबाजूच्या जुन्यांपेक्षा वेगळ्या ब्रँडचे, बहुधा आकाराने लहान असतात. सगळीकडे सारखीच धूळ आणि सारखेच जुने कपॅसिटर दिसले तर सर्व्हिस फक्त जाहिरातीत झाली. तसं असेल तर अ‍ॅम्पची किंमत सर्व्हिस न झालेल्या अ‍ॅम्पची धरा.

पावतीवाला
आणि घेतलाच तर साध्या कागदावर दोघांच्या सह्या: मॉडेल, सीरियल नंबर, रक्कम, तारीख, सांगितलेले दोष. 'आहे त्या स्थितीत' की 'तीन दिवसांत परत', हे त्यावरच लिहून घ्या.