तातडीने मदत हवी: वडिलांच्या एटीएम कार्डावरून ४०,००० गेले, बँक दाद देत नाही

कराडचा_पोर:
वडिलांच्या पेन्शनच्या खात्यातून ४०,००० गेले. कार्ड त्यांच्या खिशातच आहे, ओटीपी कुणाला दिलेला नाही. बँक म्हणते आधी पोलिसांत जा, चौकीत म्हणतात बँकेचं पत्र आणा. पैसे परत कसे मिळवायचे? उपदेश नकोत, प्लीज.

निवृत्त_रोखपाल:
कधी गेले? एटीएममधून की दुकानात स्वाइप? कार्ड ब्लॉक केलं का? काहीच लिहिलेलं नाही.

टिनपाट:
चार्जबॅक मागा, म्हणजे व्यवहार अमान्य करून बँकेमार्फत पैसे उलटे मागवायचे. माझ्या क्रेडिट कार्डावरून दुबईच्या साइटने कापलेले पैसे महिन्याभरात परत आले.

कराडचा_पोर:
@टिनपाट, डेबिट कार्ड आहे हो.
एटीएममधून गेले. मंगळवारी रात्री ११:५२ पासून दोनदा दहा-दहा हजार, मग १२:०४ पासून परत दोनदा. वडील झोपले होते, मेसेज सकाळी पाहिले. ब्लॉक कशाला करू? कार्ड आमच्याकडेच आहे आणि एक तारखेला पेन्शन यायचीय.

निवृत्त_रोखपाल:
पेन्शन खात्यात येते, कार्डात नाही! रोजची मर्यादा वीस हजार असणार, म्हणून त्यानं बारा वाजायची वाट पाहिली. सराईत आहे, आज रात्री परत येईल. आधी ब्लॉक करा.

सायबर_भाऊ:
कार्ड क्लोन झालंय, म्हणजे त्याची नक्कल बनवलीय. २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी असेच गेले.

निवृत्त_रोखपाल:
तिथे बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसवलं होतं, खातेदारांची खाती नव्हती फोडली. उगाच घाबरवू नका.

माई_सातारा:
अहो, कार्डावरचं नाव वाचलंत का? माझ्या दिरांना एटीएमवर एका पोरानं "काका, द्या मी काढून देतो" म्हणत दुसऱ्याचंच कार्ड हातात ठेवलं. तीन दिवस तेच पाकिटात घेऊन फिरत होते.

कराडचा_पोर:
माई, नाव भलत्याच माणसाचं आहे. बँक तीच, रंग तोच. वडील आत्ता सांगतायत, सोमवारी मशीनमध्ये कार्ड अडकलं तेव्हा एका मुलानं मदत केली. मी ओरडेन म्हणून बोलले नाहीत. ब्लॉक केलं.

निवृत्त_रोखपाल:
आता १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. मग शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच शिक्क्यासकट घ्या, तोंडी काही नको. एटीएमचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा, असं त्यातच लिहा.
रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. चूक ना ग्राहकाची ना बँकेची, आणि मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काही पडत नाही. मेसेजचा दिवस मोजत नाहीत. आज गुरुवार, म्हणजे तुम्ही मुदतीत आहात. चौथ्या ते सातव्या दिवसात बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० चा फटका. कळवल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेनं रक्कम तात्पुरती जमा करायची असते. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार.

सायबर_भाऊ:
काही मिळणार नाही. पिन पाहू दिला म्हणजे निष्काळजीपणा.

निवृत्त_रोखपाल:
तो सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. पण हो, बँक पिनवरच अडून बसणार. पिन सांगितला की मागून पाहिला, हे वडिलांना नीट विचारून मगच अर्ज लिहा.

चहाटळ:
अवांतर: म्हाताऱ्या माणसांना कार्ड देतातच कशाला? स्लिप भरून काढावेत.

माई_सातारा:
आणि रांगेत तुम्ही उभे राहणार का?

टिनपाट:
क्रेडिट कार्डच घेऊन टाका त्यांना.

कराडचा_पोर:
१९३० लागला, तक्रार क्रमांक मिळाला. वडील म्हणतात पिन त्यांनीच दाबला, पोरगा शेजारी उभा होता. शाखेत आलोय, साहेब जेवायला गेलेत. वडिलांचा एकच घोशा: हे दुसऱ्याचं कार्ड आहे त्या माणसाचेही गेले असतील, त्याला आधी कळवा.

निवृत्त_रोखपाल:
बरोबर आहे त्यांचं. ते कार्ड शाखेत देऊ नका, नंबर तक्रारीत लिहा आणि कार्ड पोलिसांकडे द्या. बँकेचं पत्र मागितलं तर शिक्क्याची पोच पुढे करा.