लसी पूर्ण न झालेल्या पिलाला सामान घ्यायला सोबत न्यावं का? (नागपूर)

मैनाची_आई

नमस्कार मंडळी. घरी दहा आठवड्यांचं पिल्लू आलं आहे, मैना. देशी, तांबूस रंगाची, चारही पाय पांढरे. आमच्या सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर एका कुत्रीनं पिल्लं दिली होती, त्यातलीच ही. 'सेव्हन इन वन' या एकत्रित लसीचा पहिला डोस झाला, जंताचं औषध झालं, दुसरा डोस दहा-बारा दिवसांनी आहे.

आता तिचं सामान घ्यायचं आहे. सध्या गळ्यात माझ्या जुन्या ओढणीची पट्टी आहे आणि जेवायला स्टीलची वाटी, जी ती नाकानं ढकलत स्वयंपाकघरातून थेट बाल्कनीपर्यंत नेते. हार्नेस (गळ्या-छातीभोवती बांधायचा पट्टा), दोरी, जड वाटी, अंथरूण, चावायला काहीतरी (सोफ्याचा एक कोपरा गेला आहे) आणि डॉगफूड, एवढं हवं.

यजमान म्हणतात, तिलाच घेऊन जाऊ, मापाचं मिळेल आणि लेकीलाही मजा वाटेल. सासूबाई म्हणतात, सगळ्या लसी झाल्याशिवाय उंबऱ्याबाहेर काढायची नाही. डॉक्टरांनी 'बाहेर फिरवू नका' एवढंच सांगितलं आहे. त्यात दुकानही आलं का? दुसरीकडे असंही वाचलं की याच वयात पिलानं माणसं, आवाज, गाड्या पाहिल्या नाहीत तर ते पुढे भित्रं होतं. दोन्ही खरं असेल तर करायचं काय?

आम्ही मनीषनगरला राहतो, दुकानं धरमपेठ-गोकुळपेठ भागातली बघायची आहेत. ऑनलाइन मागवायचं तर मापाचा अंदाज येत नाही. आणि एप्रिल आहे, ऊन काय म्हणते ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून मुद्दाम नागपूरकरांना विचारते आहे.

रेशीमबागचा_ब्रुनो

न्या हो ताई. आमच्या ब्रुनोला आम्ही लहानपणापासून सगळीकडे नेलं. दुकानदार बिस्किट देतात, पिल्लू खूश होते, लोक लाड करतात. इतकं घाबरायचं कारण नाही. बिल होईपर्यंत कोणीतरी हातात धरून ठेवा म्हणजे झालं.

त्रिमूर्तीनगर_कर

वरच्या भाऊंच्या ब्रुनोला काही झालं नाही याचा आनंद आहे, पण घाबरायचं कारण आहे. माझ्या भावाचं कॉकर स्पॅनियल अडीच महिन्यांचं होतं. एका दुकानात नेलं, तिथे सामानाबरोबर पिंजऱ्यात पिल्लंही विकायला होती. आठवडा व्हायच्या आत त्यानं खाणं सोडलं, मग उलट्या, मग रक्ताची पातळ शी. पार्व्हो निघाला, म्हणजे पिलांचा जीव घेऊ शकणारा आतड्यांचा संसर्गजन्य आजार. लागण नेमकी तिथेच झाली असं छातीठोक सांगता येत नाही, पण तोवर ते दुसरीकडे कुठे गेलंच नव्हतं. सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात रोज सलाईन लावायला न्यायचे. पिल्लू वाचलं, पण त्या दिवसांत वहिनी धड जेवली नाही. दुकानात नेताना दहादा विचार करा.

काउंटरवाला_भाऊ

मी धरमपेठेत पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात बरीच वर्षं काउंटरवर होतो. आता ते काम सोडलं, पण कोणी पिलू घेऊन दुकानात शिरताना दिसलं की अजूनही माझी नजर आधी पिलाच्या पायांवर जाते. हातात आहे की फरशीवर?

ताई, मैनाला न्या. पण पहिल्या फेरीत नाही, आणि फरशीवर एक क्षणही नाही.

फरशीचं सांगतो. सकाळी झाडू-फिनाइल होते, फरशी चकाचक दिसते. पण दिवसभर तिथे कोण येते ते पाहा. आजारी कुत्र्याला दाखवून दवाखान्यातून सरळ दुकानात येणारे लोक असतात. कुत्रा गाडीत असला तरी घाण बुटाला लागून येते. डॉगफूडच्या मोठ्या पोत्यांची थप्पी असते ना, तिच्या खालच्या कोपऱ्यावर येणारा प्रत्येक नर कुत्रा पाय वर करतो. आम्ही लगेच पुसायचो, तरी वास राहायचा, आणि नवीन पिलू आत आलं की नाक नेमकं तिथेच. पार्व्होचा विषाणू कुत्र्याच्या शीतून पसरतो आणि जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. साध्या फिनाइलनं तो मरत नाही. त्याला ब्लीचचं पाणी लागते, तेही दहा मिनिटं फरशी ओली ठेवून. गिऱ्हाईक उभं असताना दहा मिनिटं फरशी ओली ठेवणारं दुकान मला तरी माहीत नाही. जिथे पिंजऱ्यात पिल्लं विकायला आहेत किंवा मागे ग्रूमिंग (कुत्र्यांची अंघोळ, केस कापणं) चालते, तिथे लसी पूर्ण होईपर्यंत जाऊच नका.

पहिली फेरी तुम्ही दोघंच करा. दुकान पाहा, वाटी घ्या. वाटी जड आणि बुडाला रबर असलेली, म्हणजे बाल्कनीचा प्रवास थांबेल. डॉगफूड ती आता जे खाते तेच, लहान पिशवी. बदलायचंच असेल तर आठवडाभर जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत न्या. अंथरूण आता घेऊच नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पिलू कूलरसमोर उघड्या फरशीवर पाय ताणून झोपते, गादीकडे ढुंकूनही पाहत नाही. पावसाळा लागल्यावर बघा. चावायच्या वस्तूवर अंगठ्याचं नख रोवून पाहायचं. नख थोडंही रुतलं नाही तर ती दुधाच्या दातांसाठी फार कडक आहे, दात तुटतो. गोचिडाची पावडर किंवा थेंब काउंटरवरच्या माणसाच्या सांगण्यावरून घेऊ नका, मी सांगितलं असतं तरी नाही. ते वय आणि वजन पाहून डॉक्टरांनीच द्यायचं.

आता हार्नेस. पिलू दुकानात न्यायचं खरं कारण हे एकच. आधी घरी शिंप्याच्या टेपनं, नाही तर सुतळीनं, ती उभी असताना दोन मापं घ्या: गळा जिथे खांद्याला मिळतो तिथलं, आणि पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर. लोक फक्त गळ्याचं माप घेऊन येतात. देशी पिलाची छाती पुढे खोल होत जाते आणि कंबर बारीक राहते. अशा पिलाला ढिलं हार्नेस घातलं तर ते मागे सरकते, डोकं खाली घालते, आणि अख्खं हार्नेस डोक्यावरून निघून तुमच्या हातात येते. रस्त्यावर असं झालं तर विचार करा. म्हणून गळा आणि छाती, दोन्हीकडे कमी-जास्त करता येईल असंच घ्या.

घालून पाहायची पण रीत आहे. घरचा टॉवेल सोबत न्या, ती ज्यावर झोपते तो. काउंटरवर तो अंथरा, मगच तिला त्यावर उभी करा. काचेच्या काउंटरवर पिलाचे पाय घसरतात, आणि एकदा घसरलं की ते आखडून बसते, मान खाली, शेपटी पोटाखाली, छाती आत ओढलेली. त्या अवस्थेत बरोबर बसलेलं हार्नेस घरी आल्यावर घट्ट होते. दुसरं म्हणजे बक्कल. त्याचा खट्‌ आवाज आपल्याला ऐकूही येत नाही, पण पिलाच्या कानाशी तो मोठा असतो. आधी तिच्यापासून हातभर लांब बक्कल एक-दोन वेळा वाजवा, प्रत्येक वेळी तिच्या रोजच्या खाण्यातला एक दाणा द्या. तिनं आवाज ऐकून तुमच्या हाताकडे पाहिलं की मग अंगावर चढवा. घाईनं कानाजवळ खट्‌ केलं आणि त्यानंतर हार्नेस नुसतं बाहेर काढलं की पलंगाखाली शिरायला लागली, अशी पिल्लं मी पाहिली आहेत. त्यांचे मालक पुन्हा पुन्हा वेगळं हार्नेस घ्यायला यायचे, आणि बिचाऱ्या पिलाला तर हार्नेसचीच भीती बसलेली.

बक्कल लागल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं आडवी सहज गेली पाहिजेत. बगलेत घासते का हे पाहायला तिला फरशीवर चालवायची गरज नाही. पुढचा पाय हळूच हातानं पुढे-मागे करा, पट्टा कातडीला चिकटून सरकत असेल तर तो नमुना नको.

आणि हो, दुकानातलं फुकटचं बिस्किट घेऊ नका. नवीन खाणं आणि प्रवास दोन्ही एकदम झालं की शी पातळ होते, मग पार्व्होच्या धास्तीनं तुमची रात्र जाते.

पशुवैद्यक_सेमिनरीहिल्स

मी पशुवैद्यक आहे, इथल्याच महाविद्यालयातून शिकले. वरच्या भाऊंनी फरशीबद्दल लिहिलं ते अगदी बरोबर आहे. थोडी भर घालते.

एक डोस झाला म्हणजे संरक्षण मिळालं असं का म्हणता येत नाही? पिलाला आईच्या पहिल्या दुधातून प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं) मिळतात. ती रोगाला अडवतात, पण लसीलाही अडवतात. ती कोणत्या आठवड्यात संपतील हे प्रत्येक पिलात वेगळं असतं. मधे असा काळ येतो की प्रतिपिंडं रोग थांबवायला अपुरी, पण लस निकामी करायला पुरेशी असतात. म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं डोस पुन्हा द्यायचे आणि शेवटचा सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर द्यायचा. 'वसावा' या जागतिक पशुवैद्यक संघटनेची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. मैनाच्या कार्डावर शेवटची तारीख त्याआधीची लिहिलेली असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, ती चुकवू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न. जग पाहून धीट होण्याचं वय साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतं. म्हणजे लसी पूर्ण होईपर्यंत थांबलात तर तो काळ निघून जातो. भीतीपोटी चावणारी, फटाक्यांना थरथरणारी मोठी कुत्री माझ्याकडे रोज येतात, आणि त्यातल्या अनेकांचं बालपण बंद फ्लॅटमध्ये गेलेलं असतं. त्यामुळे सासूबाईंची काळजी योग्य आहे, आणि तुम्ही वाचलं तेही योग्य आहे. 'बाहेर फिरवू नका' याचा अर्थ पाय जमिनीला लावू नका, अनोळखी कुत्र्यांची हुंगाहुंगी नको, असा घ्या. तिला कडेवर घेऊन ट्रॅफिक दाखवा, भाजीवाल्याची हाक ऐकू द्या, हेल्मेट घातलेला माणूस पाहू द्या. तिनं तोंड फिरवलं, जांभया दिल्या, ओठ चाटले, तर तेवढ्यावर थांबून परत या. दुकानातल्या अनोळखी लोकांना सरसकट हात लावू देऊ नका. तिनं स्वतः मान पुढे केली तरच.

खाणं बंद, उलट्या, सुस्ती, दुर्गंधी येणारी पातळ शी, यातलं काही दिसलं तर सकाळपर्यंत वाट पाहू नका. लागणीनंतर बहुधा तीन ते सात दिवसांत लक्षणं दिसतात, आणि एवढंसं पिल्लू पाणी कमी पडून फार लवकर खचतं.

मैनाची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना पशुवैद्यक ताईंचं उत्तर वाचून दाखवलं, त्या कडेवर न्यायला तयार झाल्या आहेत, अट एकच, कडेवर त्यांच्याच! दोन शंका राहिल्या. आमच्याकडे अ‍ॅक्टिव्हा आहे, कार दिराची मागावी लागेल. कशानं नेऊ? आणि ती झपाट्यानं वाढते आहे, तर हार्नेस मोठं घेऊन ठेवलं तर चालेल का?

काउंटरवाला_भाऊ

मोठं मुळीच नको ताई. डोक्यावरून निघण्याचं सांगितलं ते मोठ्या हार्नेसचंच. आजच्या मापाला जे सगळ्यात घट्ट करून बसते, आणि जिथून पुढे पट्टा बराच सोडता येतो, ते घ्या. तरी दोनेक महिन्यांत बदलावं लागेल, म्हणून पहिलं स्वस्तातलं घ्या, महागडं ती पूर्ण वाढल्यावर.

अ‍ॅक्टिव्हावर पायाशी ठेवून नेऊ नका, एक ब्रेक लागला की पिलू रस्त्यावर. मागे बसणाऱ्यानं छातीशी जाळीची, चेन असलेली बॅग धरली तर चालते, पण मनीषनगर ते धरमपेठ अंतर आहे, आणि तुमच्याकडे तर कडेवर सासूबाईच घेणार. कार मिळत असेल तर कारच बरी, नाही तर सरळ ऑटो करा. निघायच्या दोन-तीन तास आधी खाणं देऊ नका, नाही तर गाडीत उलटी होते. सुर्य बुडाल्यावर निघा, आणि शनिवार-रविवार सोडून. सुटीच्या संध्याकाळी दुकानात मोठी कुत्री गर्दी करून असतात. कारमध्ये तिला एकटं ठेवून 'पाच मिनिटांत आलो' असं कोणीही करू नये, खिडकी थोडी उघडी ठेवूनसुद्धा नाही. बंद गाडी दहा मिनिटांत दहा-अकरा अंशांनी तापते, आणि एप्रिलमध्ये बाहेरच चाळीस असते.

आपले सिमेंटचे रस्ते रात्री आठलाही गरम असतात. पुढे तिला चालवायला लागाल तेव्हा आधी हाताचा उलटा पंजा रस्त्यावर टेकवून सात सेकंद ठेवा. तुम्हाला सहन झालं तरच तिला उतरवा.

दुकानात शिरल्यावर आधी विचारून घ्या की घातलेलं हार्नेस बदलून मिळते का. बहुतेक ठिकाणी केस लागले की परत घेत नाहीत. घरी गेल्यावर टॅग काढायच्या आधी ओढणीच्या पट्टीवरूनच, घरातल्या घरात, थोडा वेळ घालून ठेवा. ती जेवली, खेळली, आडवी झाली आणि कुठे लाल वळ दिसला नाही, तर मगच टॅग कापा.