मैलापाणी प्रकल्प ‘पूर्ण’ झाला असं कधी म्हणायचं?

नदीकाठ: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं. उभारलेली प्रक्रिया क्षमता 31,841. प्रत्यक्ष प्रक्रिया होते 20,236 वर. जनतेच्या पैशातून बांधलेली एक तृतीयांशाहून जास्त क्षमता पडून आहे! कारण करारात ‘प्रकल्प’ म्हणजे फक्त मैलापाणी शुद्धीकरण केंद्र. घरजोडण्या, मलवाहिन्या, पंपिंग स्टेशन आणि केंद्र मिळून एकच प्रकल्प, अशी व्याख्या करा. ठरलेलं पाणी शुद्ध होऊन बाहेर पडेपर्यंत पूर्णत्वाचा दाखला देऊ नका.

निवृत्त अभियंता: साफ असहमत. वाहिन्यांचा आराखडा 30 वर्षं पुढची लोकसंख्या धरून होतो, केंद्रातही वाढीची जागा ठेवावी लागते. पहिल्या दिवशी ते पूर्ण भरणार कसं? आणि घरमालक जोडणी घेत नसेल तर ठेकेदाराचं बिल का अडवायचं? अशा अटीवर लहान नगरपालिकेच्या निविदेला कोणी येणार नाही.

नदीकाठ: काका, 30 वर्षांनंतरचं नाही, आज वाहणारं पाणी मागतेय. नमामि गंगेच्या हायब्रिड अ‍ॅन्युइटी करारांत भांडवली खर्चाचे 40 टक्के बांधकामाच्या काळात मिळतात, उरलेले 60 टक्के 15 वर्षांत, केंद्र कसं चालतंय ते पाहून. तरीही ठेकेदार आलेच ना?

वकिली नजर: ताईंच्या बाजूने एक मुद्दा. 1974 च्या जल कायद्यातल्या मैलापाण्याच्या व्याख्येत उघड्या गटारातलं सांडपाणीही येतं. त्यामुळे घरजोडणी नाही म्हणून नाल्यातलं पाणी आमचं नव्हे, हे पालिकेला म्हणता येणार नाही. मात्र ‘शुद्ध’ कशाला म्हणायचं तेही करारात लिहा. 2017 च्या अधिसूचनेत बीओडीची (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप) मर्यादा महानगरांना लिटरमागे 20 मिलिग्रॅम, इतरांना 30. हरित लवादाने 2019 मध्ये देशभरासाठी ती 10 वर आणली. निकष मध्येच कडक झाला तर वाढीव खर्च कोणाचा? ते लिहिलं नाही तर भांडण कोर्टात जातं आणि नदी तशीच राहते.

निवृत्त अभियंता: नाला अडवून केंद्राकडे वळवायला माझी हरकत नाही. मग मोजणी कोरड्या दिवसांतल्या प्रवाहावर ठेवा. जुलैत नाल्याला पावसाचं पाणी येतं. तेही आकड्यात धरलं तर मैला न शिरताच केंद्र भरलेलं दिसेल. घरजोडणीची अट मात्र पालिकेवर टाका, ठेकेदारावर नको.

नदीकाठ: कोरड्या दिवसांची मोजणी मान्य. पण पालिकेवर अट टाकायची तर निधीचा पुढचा हप्ताही तिच्या जोडण्यांवरच अवलंबून हवा. एवढं लिहून घ्यायला तयार आहात का?