८० हजारांत व्हिडिओ संकलन आणि गेमिंग दोन्ही पेलेल असा संगणक कसा जुळवावा?

द्राक्षवाट यांचा प्रश्न

नमस्कार. मी नाशिकला गंगापूर रोड परिसरात राहतो आणि आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. एप्रिलमधली खरड छाटणी, ऑक्टोबरमधली फळछाटणी, विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणे) अशा कामांचे व्हिडिओ मी बागेतच चित्रित करून यूट्यूबवर टाकतो. चित्रीकरण मिररलेस कॅमेऱ्यावर ४के, एच.२६५, १० बिट ४:२:२ या, रंगांचा जास्त तपशील साठवणाऱ्या स्वरूपात होते, काही भाग फोनवर होतो आणि संकलनासाठी मी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती वापरतो. सध्याचा लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे. त्यावर मिररलेसच्या फाइल नीट चालत नाहीत आणि फोनच्या फाइलही अडखळतात. छाटणीचा सल्ला आठवडाभर उशिरा पोहोचला तर शेतकऱ्याला त्याचा उपयोग राहत नाही, म्हणून या वेळी खर्च करायचे ठरवले आहे. संध्याकाळी धाकटा भाऊ आणि मी व्हॅलोरंट, जीटीए ५ असे गेम १०८० पी मॉनिटरवर खेळतो. मॉनिटर, कीबोर्ड, माउस घरात आहेत.

शहरातल्या एका दुकानदाराने असा संच सुचवला आहे: एएमडी कंपनीचा रायझेन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅमची एकच पट्टी, एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ४०६० हे ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, ५०० जीबी एसएसडी, ४५० वॅटचा साधा पॉवर सप्लाय आणि रंगीत दिव्यांचे कॅबिनेट. हा संच माझ्या कामाला योग्य आहे का, आणि नसल्यास काय बदलावे?

संकलन_टेबल यांचे उत्तर

गेमिंगपुरते पाहिले तर हा संच चांगला आहे. तुमचे मुख्य काम मात्र संकलनाचे आहे, आणि संकलनाचा संगणक कॅमेऱ्यातून येणाऱ्या फाइलकडे पाहून ठरवावा लागतो. एच.२६५ मध्ये प्रत्येक चौकट पूर्ण साठवलेली नसते. काही चौकटी पूर्ण असतात आणि मधल्या बहुतेक चौकटींत शेजारच्या चौकटीपेक्षा काय बदलले एवढीच नोंद असते. त्यामुळे टाइमलाइनवर कर्सर मागेपुढे नेला की एक चित्र दाखवण्यासाठी संगणकाला आसपासच्या अनेक चौकटी उलगडाव्या लागतात. हे उलगडण्याचे काम करणारे स्वतंत्र हार्डवेअर असेल तर ते सहज होते. नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि चित्र अडखळते.

तुमची अडचण ४:२:२ या आकड्यांत आहे. आरटीएक्स ३० आणि ४० या मालिकांची कार्डे ४:२:० चे, म्हणजे रंगांचा कमी तपशील असलेले, एच.२६५ उत्तम उलगडतात, पण ४:२:२ उलगडत नाहीत. एनव्हिडियाने ती सोय ५० मालिकेत आणली. इंटेलच्या प्रोसेसरमधले अंगचे ग्राफिक्स मात्र ११ व्या पिढीपासून १० बिट ४:२:२ एच.२६५ उलगडते आणि इंटेल त्या सोयीला क्विक सिंक म्हणते. रायझेन ५ ५६०० मध्ये अंगचे ग्राफिक्सच नाही. म्हणून माझा सल्ला इंटेलचा कोअर आय५-१२४०० घेण्याचा आहे. तोही ५६०० सारखाच ६ कोअर आणि १२ थ्रेडचा आहे, आणि १०८० पीवर तुमच्या गेमांत तो कमी पडणार नाही. घेताना डब्यावरचे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा, कारण १२४००एफ थोडा स्वस्त मिळतो, पण ‘एफ’ म्हणजे अंगचे ग्राफिक्स बंद, आणि ज्यासाठी हा प्रोसेसर घ्यायचा तेच त्यात उरत नाही.

दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरची. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती ३८४० बाय २१६० आणि सेकंदाला ६० चौकटींपर्यंत ८ बिट फाइलींसाठी आहे. १० बिटचे काम स्टुडिओ या विकतच्या आवृत्तीत होते. तिची किंमत २९५ डॉलर आहे आणि ती एकदाच भरावी लागते. तेव्हा एक तर ही रक्कम आताच बाजूला काढा, किंवा कॅमेऱ्यात ८ बिट ४:२:० निवडा. छाटणी कशी करायची हे दाखवणाऱ्या व्हिडिओला ८ बिट पुरेसे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. रंगांवर फार काम करायचे असेल तेव्हाच १० बिटचा खरा लाभ होतो.

रात्रपाळी_सातपूर यांचे उत्तर

प्रोसेसरबाबत मी वरच्या उत्तराशी सहमत आहे, पण ग्राफिक्स कार्डाचा विचार त्यात राहून गेला आहे. रिझॉल्व्ह रंगसंस्कार आणि इफेक्ट यांचे बहुतेक काम कार्डाकडे सोपवते, आणि ४के टाइमलाइनवर इफेक्ट वाढू लागले की कार्डाची स्मृती संपल्याची सूचना येऊन काम थांबते. म्हणून मी ८ जीबीच्या ४०६० ऐवजी १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० पाहीन. गेममध्ये ४०६० पुढे आहे, वीजही कमी घेते (११५ वॅट, तर ३०६० ला १७० वॅट), आणि तयार व्हिडिओ एव्ही१ या नव्या स्वरूपात निर्यात करण्याची सोय फक्त त्यातच आहे. हे सगळे मान्य करूनही तुमच्या कामाला स्मृतीचे जास्तीचे ४ जीबी अधिक उपयोगी पडतील. भाऊ खेळतो ते दोन्ही गेम १०८० पीवर ३०६० सहज चालवते. कार्ड घेताना १२ जीबी हा आकडा नक्की तपासा, कारण ३०६० ची ८ जीबीचीही एक आवृत्ती आहे आणि ती अधिक मंद आहे.

रॅमची एकच पट्टी घेऊ नका. दोन पट्ट्या लावल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते आणि त्याचा फरक गेममध्येही दिसतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव खूप चढले आहेत, त्यामुळे ३२ जीबी आताच घेणे जड जाईल हे मला दिसते. साध्या कटिंगला १६ जीबी चालेल. रिझॉल्व्हमधल्या फ्यूजन या इफेक्टच्या विभागासाठी मात्र ३२ जीबीची शिफारस आहे. म्हणून मदरबोर्ड रॅमच्या चार खाचांचा, बी७६० चिपसेटचा आणि डीडीआर४ प्रकारच्या रॅमचा घ्या व त्यात ८ जीबीच्या दोन पट्ट्या बसवा, म्हणजे पुढे तशाच आणखी दोन बसवता येतील. एच६१० बोर्ड स्वस्त असतो, पण त्यात दोनच खाचा मिळतात.

एसएसडी ५०० जीबी पुरणार नाही. १०० मेगाबिटच्या दराने चित्रित केलेला एक तास सुमारे ४५ जीबी जागा घेतो. चालू काम १ टीबीच्या एनव्हीएमई या जलद प्रकारच्या एसएसडीवर ठेवा आणि झालेले काम साध्या हार्ड डिस्कवर हलवा.

गोदाकाठ यांचे उत्तर

या संचातली मला सर्वांत जास्त काळजी वाटणारी वस्तू म्हणजे ४५० वॅटचा साधा पॉवर सप्लाय. १२४०० पूर्ण जोर लावतो तेव्हा ११७ वॅटपर्यंत जातो, कार्ड १७० वॅट घेते, बाकीचे धरून तीनशेच्या आसपास भार होतो. कागदावर ४५० पुरतात, पण नाव नसलेल्या सप्लायवर छापलेला आकडा तो प्रत्यक्षात किती वेळ देऊ शकेल याची खात्री नसते. ५५० वॅटचा, नामांकित कंपनीचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा सप्लाय घ्या. ८० प्लस ब्रॉन्झ ही खूण विजेच्या कार्यक्षमतेची आहे, टिकाऊपणाची नाही, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये.

वळवाच्या पावसात आपल्याकडे वीज कशी येते-जाते हे सांगायला नको, आणि निर्यात चालू असताना वीज गेली तर फाइलही जाते. यूपीएस हवाच. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो, मॉनिटर धरून तो काठावर येतो. १००० व्हीएचा घ्यावा. संगणक निफाडच्या घरी नेणार असाल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेट दिव्यांसाठी निवडू नका. पुढे जाळी आणि धुता येणारी गाळणी असलेले निवडा. खरड छाटणीच्या दिवसांत इथला पारा चाळिशीला टेकतो आणि तुमचे काम नेमके तेव्हाच सर्वाधिक असते.

द्राक्षवाट

सर्वांचे मनापासून आभार. कॅमेरा आता ८ बिट ४:२:० वर ठेवतो आणि स्टुडिओ आवृत्ती हंगाम संपल्यावर पाहतो. दोन शंका उरल्या. ८ बिट करायचे असेल तर इंटेलचा आग्रह अजूनही योग्य आहे का? आणि पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सुटे भाग आणले, किंवा जुने कार्ड घेतले, तर बचत होईल का?

संकलन_टेबल

होय, योग्य आहे. जुन्या हंगामांच्या तुमच्या १० बिट फाइली आहेतच, आणि स्टुडिओ घेतल्यावर त्या याच प्रोसेसरवर उघडतील. तोपर्यंत एखादी ८ बिट फाइल अडलीच तर प्रॉक्सी तयार करा, म्हणजे प्रत्येक चौकट पूर्ण असलेली, कमी आकाराच्या चित्राची प्रत. संकलन प्रतीवर होते आणि निर्यात मूळ फाइलवरून.

लॅमिंग्टन रोडला सकाळी जाऊन रात्री परत येता येते आणि काही भाग तिथे स्वस्तही मिळतील. तरीही प्रोसेसर, मदरबोर्ड आणि सप्लाय मी नाशिकमध्येच घेईन, कारण ऐन छाटणीत बोर्ड बिघडला तर समोर बसून बोलता येईल असा दुकानदार लागतो. दुकानदाराने दिलेल्या संचाचा भाव आणि मुंबईचा भाव यांची तुलना प्रत्येक भागाचा १८ टक्के जीएसटी धरून करा. बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्या. जुने कार्ड बिल आणि उरलेली वॉरंटी असेल तरच घ्यावे, आणि पैसे देण्यापूर्वी अर्धा तास गेम चालवून पाहावे.

जोडणी झाल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता कार्डाला लावा. कार्ड बसवले की अनेक बोर्ड अंगचे ग्राफिक्स आपोआप बंद करतात, म्हणून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन ते पुन्हा चालू करा. त्याशिवाय क्विक सिंक रिझॉल्व्हला दिसणार नाही. तिथेच एक्सएमपी ही रॅमच्या वेगाची सेटिंग चालू केली की रॅमही तिच्या पूर्ण वेगाने चालेल.