आयटीआय वायरमन झालो, बंगल्याचं काम स्वतः घेऊ का?

प्रश्न
मी तासगावचा. वायरमन ट्रेडची दोन वर्षं झाली, यंदा पास झालो. ओळखीतून एका बंगल्याच्या अख्ख्या वायरिंगचं काम आलंय. मालक म्हणतात, "लायसन्स कोण बघतंय? वायरिंग तपासल्याच्या टेस्ट रिपोर्टवर कुणाची तरी सही घेऊ." घेऊ का? माझा मित्र प्लंबिंग करतो, त्याला काय लागतं?

उत्तर
बाळा, त्या सहीवर काम घेऊ नकोस. चौतीस वर्षं हाच धंदा केलाय म्हणून सांगतो. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलायला कायदा आड येत नाही. नवी वायरिंग मात्र परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरनेच घ्यायची, सुपरवायझर प्रमाणपत्रवाल्याच्या देखरेखीखाली, आणि हात लावणाऱ्याकडे वायरमनचं परमिट हवं. तुझ्या आयटीआयवर परमिटला अर्ज कर.

एका घरी गेलो होतो. बाई म्हणाल्या, नळाला हात लावला की मुंग्या येतात. टेस्टर लावला तर नळावरच पेटला! गीझरचा सॉकेट उघडला. वरच्या मोठ्या, म्हणजे अर्थिंगच्या पिनेतून इंचभर लाल वायरचा तुकडा थेट न्यूट्रलला मारलेला, अर्थिंगची वायर ओढलेलीच नाही. बाहेर न्यूट्रलचा जोड सुटला आणि गीझरचं सगळं अंग 230 व्होल्टवर आलं. त्या घराचाही टेस्ट रिपोर्ट होता, सहीशिक्क्यासकट. सही करणाऱ्याने घर पाहिलंच नव्हतं. त्या बाईंची लहान मुलगी त्याच नळाखाली अंघोळ करायची, ते अजून डोक्यातून जात नाही.

एखाद्या कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली हाच बंगला कर. पैसे कमी मिळतील, पण मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावायला शिकशील. 30 मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, मालकाला घ्यायलाच लाव.

उत्तर
प्लंबरचं गावागणिक वेगळं. पुण्या-मुंबईत महापालिका प्लंबरला परवाना देते, नळजोडाच्या अर्जावर त्याचीच सही चालते. घरातला गळका नळ बदलायला कुणी परवाना मागत नाही. मित्राने आपल्या नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात विचारावं.

प्रश्नकर्ता
काका, मालकांना नाही म्हणालो. ओळखीच्या एका कॉन्ट्रॅक्टरना उद्या भेटतोय. तुमचं वाचून आमच्याच घरचा सॉकेट उघडला. अर्थिंगची हिरवी वायर आहे, पण मीटरजवळच्या पेटीत तिचं टोक नुसतंच लोंबतंय.

उत्तर
मेन बंद ठेव. गीझर, फ्रीज कशालाही हात लावू देऊ नकोस. उद्या त्यांना आधी तुमच्या घरी घेऊन जा.