डॉग पार्कमधले अनुभव : कुंपणाच्या आत तुम्ही काय सांभाळता?

डॉग पार्कचं, म्हणजे कुत्र्यांना मोकळं सोडायच्या कुंपणाच्या बागेचं, नाव काढलं की दोन तट पडतात. काहींचा कुत्रा गाडी त्या वळणाला लागली की आनंदाने रडायला लागतो. काहींनी एकदा आत मारामारी पाहिली आणि पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. मला दोन्ही बाजूंचं ऐकायचंय. आत काय घडतं, माणसं कशी वागतात, तुम्ही काय पाळता, सगळं लिहा. नियमांची पाटी प्रत्येक कुंपणावर असतेच, ती इथे उतरवून काढू नका. आणि 'सोशलायझेशन (इतर कुत्र्या-माणसांची सवय) झालंच पाहिजे' एवढंच लिहून पळू नका, ही विनंती.

लॅबवाली

फाटकापासूनच सुरुवात करते. आमच्या पार्कला दोन फाटकं आहेत, मध्ये थोडी मोकळी जागा. बाहेरचं लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, हे सगळ्यांना कळतं. पट्टा कुठे सोडायचा यावर मात्र रोज वाद. तो मधल्या जागेतच सोडायचा. बांधलेला कुत्रा मोकळ्या कुत्र्यांच्या घोळक्यात नेला की त्याला ना वळता येत, ना पळता. पट्टा ताणला गेला की त्याची मान वर होते, छाती पुढे येते आणि समोरच्याला वाटतं हा अंगावर येतोय. 'थोडा वेळ बांधूनच फिरवते, सवय होऊ दे' म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण कुत्र्याची पंचाईत होते.

नवीन कुत्रा आला की आतले सगळे फाटकाशी गोळा होतात, हा दुसरा ताप. ते पांगेपर्यंत मी मधेच थांबते. आमच्याकडे एक काका आहेत, कोणी आलं की ते आपल्या कुत्र्याला हाक मारून लांब घेऊन जातात. 'अरे, पाहुण्याला आत तर येऊ द्या!' त्यांचं बघून बाकीचेही आपापल्या कुत्र्यांना बोलावतात. पाटीने जे साधलं नाही ते काकांनी साधलंय.

व्हेटकडे कामाला

मी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. माझ्या वाट्याला पार्कची संध्याकाळ येत नाही, दुसऱ्या दिवशीची सकाळ येते.

सगळ्यात जास्त विचारलं जातं ते पिल्लांबद्दल. पिल्लाच्या लसींची मालिका साधारण 16 आठवड्यांचं होईपर्यंत चालते आणि शेवटच्या डोसनंतरही एक-दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात. तोवर पार्क नाही. कारण पार्व्हो. हा विषाणू विष्ठेतून मातीत उतरतो आणि तिथे महिनोन् महिने तग धरतो. जागा दिसायला स्वच्छ असली तरी काही उपयोग नाही. पिल्लांना उलट्या आणि रक्ताचे जुलाब होतात, आणि उपचार करूनही सगळी वाचत नाहीत.

गंमत अशी की कुत्र्याचं मन जगाला सगळ्यात जास्त उघडं असतं ते तिसऱ्या ते सुमारे चौदाव्या आठवड्यापर्यंत. म्हणजे ज्या काळात बाहेर न्यायला हवं, नेमका तोच धोक्याचा. यावर उपाय पार्क नाही. पिल्लाला उचलून फिरवा, रहदारी दाखवा, छत्री, सायकल, टोपी घातलेला माणूस दाखवा. लसी पूर्ण झालेल्या, ओळखीच्या, शांत कुत्र्याला घरी बोलवा. एवढं पुरतं.

केनेल कफबद्दलही सांगते. घशात काही अडकल्यागत कोरडा, मोठा खोकला आणि शेवटी ओकारी. कुत्रा एरवी मजेत असतो, त्यामुळे लोक त्याला तसाच खेळायला आणतात, आणि आठवडाभरात तेच पार्कवाले एकामागून एक आमच्याकडे. लस घेतलेल्यालाही तो होऊ शकतो, सहसा सौम्य होतो इतकंच. खोकला आहे किंवा जुलाब आहेत, तर घरी. पाण्याचं भांडं आपलं आपण न्यावं. सगळ्यांच्या एकाच भांड्यातून जिआर्डियासारखे पोटाचे आजार पसरतात.

बीगलचा बाबा

पार्कात चेंडू आणणाऱ्यांवर एक स्वतंत्र धागा निघू शकतो.

माझा बंड्या दुसऱ्या कुत्र्याशी कधी भांडत नाही. चेंडूसाठी भांडतो. चेंडू नसला की त्याच्याइतका गरीब कोणी नाही. तो तोंडातला चेंडू घेऊन ताठ उभा राहिला, डोकं खाली घातलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघू लागला, इतकं की डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, की समजायचं: कोणी जवळ यायचं नाही. माणसं म्हणतात, 'बघा कसा गोड बघतोय!'

आम्ही गर्दी नसताना जातो आणि कोणी आलं की चेंडू खिशात. खाऊचंही तेच. एकाच्या खिशात खाऊ आहे हे कळलं की त्याच्या पायाशी सहा कुत्रे बसतात आणि ते एकमेकांकडे प्रेमाने बघत नसतात. शिवाय कोणाच्या कुत्र्याला काय चालत नाही हे आपल्याला माहीत नसतं, तेव्हा न विचारता भरवू नका.

शिकवणीवाली ताई

बीगलच्या बाबांशी निम्मी सहमत. चेंडू नको, पण खाऊ पूर्ण बंद करू नये. हाक मारल्यावर खेळ सोडून येणं हे कुत्र्यासाठी सगळ्यात अवघड काम, त्याची बिदागी नको का? फक्त ती कुंपणाला लागून, इतरांपासून लांब, पटकन द्यावी आणि लगेच त्याला परत खेळायला सोडावं. हाक मारली की दर वेळी घरीच जायचं असतं, हे कुत्र्याला एकदा कळलं की तो बहिरा होतो.

कोलीवाला

खेळ आहे की भांडण, हे कसं ओळखायचं असं फाटकाशी मला नेहमी विचारतात. आमची राणी धावणाऱ्या प्रत्येकाला वळवायला बघते, तिचं रक्तच मेंढरं वळवण्याचं. त्यामुळे हे ओळखायला शिकणं मला भागच होतं.

खेळात अंग सैल असतं. पुढचे पाय जमिनीला, पार्श्वभाग वर, हे आमंत्रण. उड्या वाकड्यातिकड्या, तोंड उघडं, आणि पाळ्या बदलतात: आत्ता जो पाठलाग करत होता तो थोड्या वेळाने पुढे पळतो, वर असलेला खाली लोळतो. मधेमधे दोघं थांबतात, अंग झटकतात, जमीन हुंगतात. गुरगुर तर खेळातही भरपूर असते. आवाजावर जाऊ नका, माझी राणी खेळताना भूत संचारल्यासारखी ओरडते.

भांडण येतं ते शांतपणे. दोघं एकदम ताठ. तोंड मिटलेलं, नजर खिळलेली, शेपूट उंच आणि कडक, हलली तरी अगदी लहान झटक्यांनी. शेपूट हलते म्हणजे खूश, हा समज इथे सोडून द्यावा. एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवली आणि दोघंही हलेनासे झाले, की मी तेव्हाच राणीला हाक मारतो.

शंका असेल तर सोपी परीक्षा आहे. जो अंगावर जातोय त्याला क्षणभर धरून ठेवा. सुटलेला परत त्याच्याकडेच आला, तर खेळ. संधी साधून मालकाच्या पायामागे जाऊन बसला, तर त्याला पुरे झालंय. ओठ चाटणं, झोप आली नसताना जांभया देणं, तोंड फिरवणं, बाकाखाली शिरणं हे सगळं त्याचं 'नको' म्हणणंच. 'त्यांचं ते बघून घेतील' हे पार्कातलं सगळ्यात महाग पडणारं वाक्य आहे.

अजून एक: खेळायच्या आधी साखळी, काट्यांचा पट्टा, लोंबणारे बिल्ले काढून ठेवा. मान पकडून खेळताना एकाचा जबडा दुसऱ्याच्या कॉलरमध्ये अडकू शकतो. मग एक घाबरून गोल फिरतो, पट्ट्याला पीळ बसतो आणि दुसऱ्याचा श्वास कोंडतो. पट्कन सुटणारं बक्कल असलेला साधा पट्टा बरा.

दोन बुटक्यांची आई

छोट्या कुत्र्यांसाठी वेगळं कुंपण असतं ते लाड म्हणून नाही. माझे दोघे मिळून एका लॅब्रॅडॉरच्या डोक्याएवढे भरतात. मोठा कुत्रा कितीही सज्जन असो, धावणारी, किंचाळणारी लहानशी वस्तू दिसली की कधीकधी त्याच्यातला शिकारी जागा होतो आणि खेळ क्षणात पालटतो. त्यात त्याचा स्वभाव वाईट असं काही नाही. म्हणून 'आमचा काही करत नाही हो' म्हणत तीस किलोचा कुत्रा छोट्यांच्या भागात आणणाऱ्यांना मी नम्रपणे फाटक दाखवते.

मला कायम सांगितलं जातं की छोट्याला उचलू नये, उचललं की मोठे उड्या मारतात. खरं आहे, मारतात. पण तीन मोठे एकट्या छोट्याच्या मागे लागले तर मी उचलणार, त्यांच्याकडे पाठ करणार आणि चालू पडणार. किंचाळायचं नाही, पळायचं नाही, हात डोक्यावर नाचवायचे नाहीत.

शेरूचा माणूस

मी पाहिलेली एक मारामारी सांगतो, जरा लांबेल.

दोन मोठे नर एकमेकांना भिडले, आणि एकाने दुसऱ्याचा कान-गाल धरून ठेवला. आजूबाजूचे सगळे ओरडायला लागले, त्याने दोघं आणखी चेकाळले. एका गृहस्थांनी पुढे होऊन आपल्या कुत्र्याची कॉलर धरली. त्यांचाच कुत्रा मागे वळला आणि त्यांच्या हाताला चावला. त्या क्षणी तो मालकाला ओळखत नव्हता. कोणाचा हात आहे हे बघायला त्याला सवड नव्हती.

शेवटी सोडवलं ते एका शांत बाईंनी. आधी बादलीभर पाणी दोघांच्या तोंडावर. पकड सैल झाली तशी त्यांनी दुसऱ्या मालकाला सांगितलं, 'तुम्ही तुमचा, मी हा, एकदम.' दोघांनी मागून, मांड्यांच्या वर धरून आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय उचलले आणि उलटं, किंचित गोलाकार मागे सरकत राहिले. गोलाकार का, तर कुत्र्याला वळून चावायला जागा मिळू नये. एकानेच ओढून भागत नाही, दुसरा पुन्हा चढून येतो. आणि पकड घट्ट असताना ओढू नये, मांस फाटतं. लगेच पट्टे, आणि दोन वेगवेगळ्या दिशांना.

नंतर कोण कुठे चुकलं यावर वाद घालण्याआधी त्या बाईंनी दोघांनाही एकमेकांचे फोन नंबर आणि लसीच्या कार्डांचे फोटो घ्यायला लावले. ज्यांना चावलं त्या गृहस्थांना नळाखाली साबण लावून हात धुवायला पाठवलं. पूर्ण 15 मिनिटं धुवायचा असतो, जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. त्यानंतर डॉक्टर, त्याच दिवशी. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की वाचण्याची आशा जवळपास नसते, म्हणून 'घरचाच कुत्रा आहे' म्हणून ते टाळायचं नाही. लस घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या. चावणाऱ्या कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवतात ते त्याला रेबीजची लक्षणं दिसतात का हे बघायलाच.

कुत्र्यांनाही व्हेटकडे न्या, जखम दिसत नसली तरी. सुळ्याचं भोक वरून टिकलीएवढं असतं, आत कातडी सुटलेली असते. केसांत ते दिसतही नाही आणि दोन दिवसांनी पू होतो.

नाव कशाला हवं

माजावर आलेली कुत्री आणू नका. रक्त थांबलं म्हणजे माज संपला असं नाही, बहुतेकदा त्याच सुमाराला ती गाभण राहते. माज सहसा दोन ते चार आठवडे चालतो. तिच्यावरून नरांची जुंपते, आणि पिल्लांची जबाबदारी नंतर कोणी घेत नाही.

म्हाताऱ्या मोतीचे आजोबा

आमचा मोती आता आत जात नाही. कंबर दुखते, तरण्यांचा धक्का सोसवत नाही, आणि सोसवत नाही म्हणून तो चिडतो. आम्ही कुंपणाच्या बाहेरून फेरी मारतो. त्याला सगळ्यांचा वास घ्यायला मिळतो, त्याचं पोट भरतं. पूर्वी आत जायचो तेव्हाही मी बाकावर बसत नसे. माणूस चालत राहिला की कुत्राही चालत राहतो. सगळी माणसं एका जागी गप्पांत रंगली की कुत्रे तिथेच साठतात आणि कुरबुरी सुरू होतात. फोनबद्दल मी काही बोलत नाही, नातू वाचतोय.

उन्हाचंही सांगतो. खेळणारा कुत्रा आपणहून थांबत नाही. जोराची धाप, लांब बाहेर आलेली जीभ, दाट लाळ, पाय लटपटणं, म्हणजे सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि तडक व्हेट. चपट्या नाकाच्यांना हे फार लवकर होतं.

पार्कात न जाणारी

कोणीतरी हेही लिहायला हवं. माझी कुत्री माणसांवर जीव टाकते, पण अनोळखी कुत्रे तिला नको असतात. 'आणा हो, सवय होईल' असं मला कितीतरी लोकांनी सांगितलं. होत नाही. भित्र्या कुत्र्याला बारा अनोळखी कुत्र्यांत सोडलं तर भीती पक्की होते. ती लांब पट्ट्यावर झाडं हुंगत फिरते आणि घरी येऊन ढाराढूर झोपते. मोठी झाल्यावर बऱ्याच कुत्र्यांना दोन-तीन ठरावीक दोस्तच पुरतात. त्यांचं काही बिघडलंय असं नाही.

धागाकर्ती

न जाणाऱ्या ताईंचे खास आभार, ही बाजू राहूनच गेली असती. शीबद्दल अजून कोणीच लिहिलं नाही! आणि आमच्याकडे खड्डे खणणारे दोन टेरियर आहेत, त्यांचं काय करावं?

टेरियरवाली

खणू द्यावं, पण निघताना आपण बुजवावं. पळताना दुसऱ्याचा पाय त्यात गेला तर मुरगळतो, कधी मोडतो. मी बुटाने माती लोटते आणि वर दोनदा नाचते, लोक हसतात. शीचं म्हणाल, तर माझ्या पट्ट्याला पिशव्यांची गुंडाळी अडकवलेलीच असते. लगेच उचलते, कारण जंतांची अंडी ताज्या शीमधून लगेच लागण करत नाहीत. पडून राहिली की काही आठवड्यांत मातीतच ती लागण करण्याजोगी होतात आणि मग महिनोन् महिने तिथेच राहतात. दुसऱ्याचीही दिसली तर उचलते आणि ज्यांची असेल त्यांना हसून एक पिशवी देते. पुढच्या वेळी ते आपली आपण आणतात.